पीसी ‘चालू होत नाही’ म्हणजे नेमके काय होत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल-मे उजाडला की सोलापुरातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत सीपीयू (संगणकाचा डबा) काखेत मारून येणाऱ्यांची गर्दी वाढते. ऊन चाळिशीपार गेलेले असते, लाइट ये-जा करत असते आणि नेमके त्याच दिवसांत घरात मुलांचे निकाल, प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे यांची घाई असते. दुकानात आल्यावर बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, ‘पीसी चालू होत नाही.’ समोरचे उत्तरही बऱ्याचदा ठरलेले असते, ‘ठेवून जा, फॉरमॅट मारावे लागेल’ (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावी लागेल), नाहीतर ‘मदरबोर्ड’ (आतला मुख्य बोर्ड) ‘गेलाय.’ या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मध्ये जी पंधरा-वीस मिनिटांची तपासणी व्हायला हवी तीच होत नाही. त्यात पैसे जातात ते जातात, पण घरातले फोटो, वडिलांच्या पेन्शनचे कागद, दुकानाचे हिशेब जातात ते परत येत नाहीत. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत संगणक काही ठरावीक पायऱ्या चढतो. आधी वीज आत येते आणि पंखे फिरतात. मग बोर्ड स्वतःची, प्रोसेसरची, रॅमची तपासणी करतो आणि पडद्यावर कंपनीचे चिन्ह येते. त्यानंतर तो डिस्क शोधतो आणि शेवटी विंडोज वर येते. आपला संगणक यातल्या कोणत्या पायरीवर अडला एवढे नीट पाहिले तरी अर्धे निदान झाले. पंखाच फिरत नसेल तर विंडोजचा काही संबंध नाही, मग फॉरमॅटचे नाव कशासाठी? आणि कंपनीचे चिन्ह रोज व्यवस्थित दिसत असेल तर मदरबोर्ड गेल्याची शक्यता फार थोडी.

पहिली पायरी, काहीच होत नाही. ना दिवा, ना पंखा. इथे सगळ्यात आधी यूपीएस बाजूला काढावा आणि सीपीयूची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावावी. घरगुती ६०० व्हीए यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बंद बॅटरी असते. उष्णतेने तिचे आयुष्य झपाट्याने घटते. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे, असा ढोबळ नियम आहे. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ठेवलेल्या यूपीएसकडून पाच वर्षांची अपेक्षा धरू नये. मेलेल्या बॅटरीचा यूपीएस कधी अजिबात सुरू होत नाही, कधी लाइट जराशी डुलली की संगणक रिस्टार्ट मारतो, आणि दोष संगणकाच्या माथी बसतो. थेट सॉकेटला लावून चालला तर प्रश्न तिथेच मिटला. नाही चालला तर सीपीयूच्या मागे एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) असलेला छोटा काळा स्विच पाहावा, पुसताना तो बऱ्याचदा बंद होतो. पॉवर वायर बदलून पाहावी, मॉनिटरची वायरही बहुधा तशीच असते.

तरीही काही नाही, तर एसएमपीएसची शंका घ्यायची. जाणकाराच्या हातची ही तपासणी दोन मिनिटांची आहे. वायर काढून, बोर्डाला जाणारा २४ पिनांचा जोड सोडवतात. त्यातली हिरवी तार आणि शेजारची काळी तार एका छोट्या तारेच्या तुकड्याने जोडतात आणि मग वीज देतात. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो निदान जागा तरी होतो. काही नव्या एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्याच असतात. तिथे रंगावर न जाता सोळाव्या क्रमांकाची पिन मोजून घ्यावी लागते. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत असे मात्र नाही. मल्टिमीटर लावल्यावर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. रिकाम्या अवस्थेत बरोबर दाखवणारा एसएमपीएस बोर्डाचा भार पडल्यावर झोपतो, असेही होते. म्हणून चांगला दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हीच खरी परीक्षा. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कुणीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतण्याइतकी वीज काही वेळ साठून राहू शकते.

बटण दाबताच पंखा अर्धा फेरा मारून थांबत असेल तर तो वेगळा प्रकार. कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतो आहे. आधी मागच्या-पुढच्या सगळ्या यूएसबी वस्तू काढाव्यात. यूएसबीच्या खाचेत वाकलेली पिन हे याचे एक नेहमीचे कारण असते, आणि टॉर्च घेऊन आत डोकावले तर ती डोळ्यांना दिसते. मग एकेक करत ग्राफिक्स कार्ड, डिस्क, रॅम काढत जायचे. जे काढल्यावर पंखा चालू राहतो, ते दोषी.

वीज आणि अर्थिंग याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण सोलापुरात याकडे फार दुर्लक्ष होते. सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार उन्हाळ्यात घरोघरी ऐकू येते. ‘थोडे करंट येतेच’ म्हणून लोक सोडून देतात. तसे येता कामा नये. एसएमपीएसच्या तोंडाशी फेजपासून पत्र्याला आणि न्यूट्रलपासून पत्र्याला असे दोन बारीक कपॅसिटर असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारी वीज जमिनीत जाते. अर्थिंग तुटले की पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मध्ये, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लटकतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून माणसाला फक्त झिणझिण्या येतात, पण एचडीएमआय, लॅन किंवा प्रिंटरची वायर चालू असताना काढ-घाल केली की तोच ताण त्या पोर्टमधून जातो आणि पोर्ट जळते. तपासायला वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवावे. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवे. फेज-अर्थ बरेच कमी दाखवत असेल किंवा न्यूट्रल-अर्थ दहा-वीस-तीस व्होल्ट असेल, तर अर्थिंग असून नसल्यासारखे आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते. खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालण्याची जुनी पद्धत त्यासाठीच होती. वाड्याची अपार्टमेंट झाली आणि तो खड्डा फरशीखाली गेला.

आता दुसरी पायरी, सगळ्यात जास्त गैरसमजांची. पंखे फिरतात, दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही. ‘मदरबोर्ड गेला’ हे वाक्य जास्त करून इथेच ऐकायला मिळते. खरे कारण पुष्कळदा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बसलेला मळ असते. उष्णतेने पट्टी प्रसरण-आकुंचन पावते, स्लॉटमध्ये धूळ शिरते, जूनमध्ये पहिला दमट वारा आला की त्यावर बारीक थर धरतो आणि संपर्क तुटतो.

रॅम काढण्याची रीत अशी. भिंतीतला स्विच बंद करून वायर पूर्ण काढावी. नंतर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे बोर्डात उरलेली वीज संपते. सीपीयू आडवा ठेवून, बोर्ड ज्या पत्र्यावर बसवलाय तो नव्हे, त्याच्या समोरचा पत्रा (उभा सीपीयू समोरून पाहता बहुधा डावीकडचा) उघडावा. आतल्या उघड्या लोखंडाला आधी हात लावावा. अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते. रॅमच्या टोकांची पांढरी वा काळी कुलपे बाहेर ढकलली की पट्टी वर येते. काही बोर्डांवर कुलूप एकाच टोकाला असते, दुसरे टोक ओढून मोडू नये. पट्टी कडांनी धरावी, सोनेरी भागाला बोट लावू नये, घामाचे क्षार तिथेच खराबी करतात. पांढऱ्या मऊ खोडरबराने दोन्ही बाजू एकाच दिशेने हलक्या घासाव्यात आणि कोरड्या सुती कापडाने चुरा पुसावा. वाळूचा, शाईचा खोडरबर नको, तो सोन्याचा मुलामाच खरवडतो. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकू नये, थुंकीचे कण आत जातात. कॅमेरा साफ करायचा रबरी फुगा चांगला. परत बसवताना पट्टीची खाच स्लॉटच्या खुंटीशी जुळवून दोन्ही अंगठ्यांनी ‘टक्’ आवाज येईपर्यंत सरळ दाबावे. बऱ्याचदा पट्टी एका टोकाला अर्धवट बसते आणि मग साफ करूनही डिस्प्ले येत नाही.

दोन पट्ट्या असतील तर एकच लावून पाहावी, मग दुसरी. चार स्लॉट असलेल्या बहुतेक बोर्डांवर एकटी पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची असते, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्यात. डीडीआर ३, ४, ५ या रॅमच्या पिढ्या; डीडीआर ३ची पट्टी डीडीआर ४च्या स्लॉटमध्ये बसत नाही, खाचेची जागा वेगळी असते. जोर लावला तर स्लॉट फुटतो. नव्या डीडीआर ५ संगणकांत आणखी एक गोष्ट आहे. रॅम बदलल्यावर किंवा बोर्डावरचा छोटा सेल काढून घातल्यावर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची जुळवणी करत बसतो आणि काही मिनिटे पडदा पूर्ण काळा राहतो. तेव्हा घाबरून बटण दाबले की ती जुळवणी पुन्हा पहिल्यापासून.

रॅमकडे वळण्याआधी मॉनिटर मात्र पाहिलेला असावा. ‘नो सिग्नल’ असे अक्षर उमटत असेल तर मॉनिटर चांगला आहे. त्याच्या बटणांतून व्हीजीए की एचडीएमआय हे बरोबर निवडले आहे ना ते पाहावे. संगणकाला वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर त्या कार्डाला हवी, बोर्डाच्या पोर्टला नव्हे. प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ अक्षर असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसतेच, तिथे बोर्डाच्या पोर्टवर जन्मभर काही दिसणार नाही. बोर्डावर बीपचा आवाज येत असेल तर तो किती वेळा आणि किती लांब, हे लिहून ठेवावे. प्रत्येक कंपनीची बीपची भाषा वेगळी, पण लिहून आणलेले असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला सरळ पुस्तिकेतून अर्थ काढता येतो. नव्या बोर्डांवर आवाजाऐवजी चार बारीक दिवे असतात, सीपीयू (इथे प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क). ज्यावर दिवा अडकून राहतो तिथे दोष.

तिसरी पायरी, कंपनीचे चिन्ह येते आणि ‘एफ-१ दाबा’ असे विचारून थांबते, घड्याळ मागच्या कुठल्या तरी सालात गेलेले असते. हा बोर्डावरचा सीआर २०३२ सेल. तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा, घड्याळजीकडेही मिळणारा. तो बदलायला तंत्रज्ञ लागत नाही, पण त्याचा परिणाम मात्र दूरवर जातो, ते समजून घ्यावे. तारीख चुकली की ब्राउझर सगळ्या संकेतस्थळांना ‘असुरक्षित’ म्हणू लागतो आणि लोकांना वाटते व्हायरस आला. बायोसची (बोर्डातल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमची) मांडणी मूळ पदावर गेली की डिस्क चालवण्याची पद्धत बदलू शकते आणि विंडोज निळा पडदा दाखवून मरते. अशा वेळी बायोसमधली ती एक ओळ पूर्ववत केली की संगणक सुरू होतो. फॉरमॅट मारूनही तो सुरू होतोच, आणि मग सगळ्यांची समजूत होते की फॉरमॅटच हवे होते.

चौथी पायरी विंडोजची. फिरणारे ठिपके थांबत नाहीत, निळा पडदा येतो, किंवा आता विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत तोच पडदा काळा येतो. सर्वप्रथम पेनड्राइव्ह, प्रिंटर, कार्ड रीडर, सगळे काढून फक्त कीबोर्ड-माउस ठेवावा. विसरलेल्या पेनड्राइव्हवरून सुरू व्हायचा प्रयत्न करत संगणक अडून बसतो. पडद्यावरच्या शेवटच्या ओळीतला स्टॉप कोड मोबाइलने टिपून घ्यावा. विंडोज लागोपाठ काही वेळा सुरू होता होता पडली की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. नुकतेच अपडेट झाले असेल तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. नवा प्रिंटर वा सॉफ्टवेअर टाकल्यापासून बिघाड असेल तर ‘सिस्टिम रिस्टोअर’. कारण कळत नसेल तर ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून चार नंबर दाबून सेफ मोड, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींनिशी चालणारी विंडोज. सेफ मोडमध्ये संगणक चालला तर यंत्र बहुधा शाबूत असते आणि भांडण एखाद्या ड्रायव्हरचे किंवा प्रोग्रॅमचे असते.

निळा पडदा म्हणजे फॉरमॅट नव्हे, याचे याहून मोठे उदाहरण नाही: १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा प्रणालीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले, विमानतळ आणि बँका थांबल्या. ते फॉरमॅट मारून उठवले नाहीत. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की संगणक सुरू होत होता. आणि १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार संपला, त्यावरून ‘आता दहा चालतच नाही, नवा घ्या’ असे कुणी सांगत असेल तर तेही खोटे आहे. सुरक्षेचे अपडेट हा वेगळा आणि गंभीर विषय आहे, पण त्या तारखेमुळे कुठलाही संगणक सुरू व्हायचा थांबलेला नाही.

फॉरमॅटला होकार देण्याआधी डिस्कची अवस्था पाहणे ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जुन्या हार्ड डिस्कमधून घड्याळासारखा ‘टक-टक’ आवाज येत असेल तर त्याच क्षणी संगणक बंद करावा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये, चेक डिस्क तर मुळीच चालवू नये. मरणाऱ्या डिस्कवर तो प्रोग्रॅम शेवटचा घाव घालतो. आवाज नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याला डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) दाखवायला सांगावे. त्यात रिॲलोकेटेड, पेंडिंग आणि अनकरेक्टेबल सेक्टर अशा तीन ओळी असतात, तिन्ही ठिकाणी शून्य हवे. सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर डिस्क नव्हे, ती बोर्डाला जोडणारी साटा वायर बदलायची. खराब डिस्कवर पुन्हा विंडोज टाकली की ती दोन महिने चालते आणि परत बसते, आणि ग्राहक दोनदा पैसे मोजतो.

विंडोज उठत नसली तरी फाइल्स बहुधा सुरक्षित असतात. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणाली) टाकून, सुरू होताना बूट मेनूची कळ दाबून, त्यावरून संगणक चालवता येतो. डेल, लेनोव्हो, एसरला बहुतेक एफ-१२, एचपीला एफ-९, आसूसच्या लॅपटॉपला एस्केप. ‘ट्राय’ हा पर्याय निवडावा, ‘इन्स्टॉल’ नव्हे. मग डिस्क उघडून हवे ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येते. ‘डी ड्राइव्हला हात लावत नाही, काळजी करू नका’ या आश्वासनावर कुणी विसंबू नये. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळे सी ड्राइव्हमध्ये असते आणि घरातले निम्मे कागद डेस्कटॉपवरच पडलेले असतात. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची किल्ली वा डाँगल कुठे आहे, हे आधीच विचारून घ्यावे. ‘रिसेट’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडले तरी टाकलेले प्रोग्रॅम जातात.

नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी एक इशारा. विंडोज ११च्या बऱ्याच यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. बायोस अपडेट केले, काही मांडणी बदलली, बोर्ड बदलला, की पडदा त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली, म्हणजे बिटलॉकर रिकव्हरी की, मागतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या त्याच खात्यात साठवलेली असते ज्याने लॅपटॉप प्रथम सुरू केला होता, आणि ते खाते बऱ्याचदा विकत देताना दुकानदाराने किंवा पुण्यात असलेल्या मुलाने उघडलेले असते. की सापडली नाही तर डेटा कुणालाही काढता येत नाही. म्हणून संगणक चांगला चालत असतानाच ती की कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावी.

लॅपटॉपचे बाकीचे थोडक्यात. चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवर बटण तीस सेकंद धरावे, मग फक्त चार्जरवर सुरू करावा. पडदा काळा असेल तर अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका मारून पाहावा. अंधूक चित्र दिसले तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे. टचपॅड वर उचलला गेला असेल, तळ फुगला असेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तत्काळ थांबवावे, दाबू-टोचू नये.

आता खास आपल्या गावचा आजार. संगणक सुरू होतो, दहा-पंधरा मिनिटांनी धाडकन बंद पडतो, थंड झाला की पुन्हा सुरू. पूर्व भागात, जिथे घराला लागून यंत्रमाग आहेत, तिथे सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. पंखा ते आत ओढतो आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर नमद्यासारखा थर धरतो. वरून पाहिले तर पंखा स्वच्छ दिसतो, थर असतो पंख्याच्या खाली, म्हणून पंखा उचलल्याशिवाय कळत नाही. हवा आतच कोंडते, प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी मंदावतो आणि आणखी तापला की स्वतःच वीज तोडतो. तो थर चिमट्याने नमद्यासारखाच अखंड उचलून निघतो. मग मऊ ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. टायरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा काही जण मारून आणतात, ते टाळावे. त्या हवेत पाणी आणि तेलाचे कण असतात. हीटसिंक काढले तर जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) पूर्ण पुसून नवी लावायलाच हवी, मधोमध मटारच्या दाण्याएवढी. एएमडीच्या एएम ४ प्रोसेसरचे हीटसिंक थंड असताना सरळ वर ओढले तर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी काही मिनिटे चालवून कोमट करावे, बंद करून हलके पिळून सैल करावे, मग काढावे. माग असलेल्या घरात दर दोन-तीन महिन्यांनी, इतरत्र वर्षातून दोनदा ही सफाई हवी, आणि सीपीयू जमिनीवर नव्हे, हातभर उंचीवर ठेवावा.

मदत मागण्याची रीतही महत्त्वाची आहे. दुकानात फोन करताना किंवा घराजवळच्या जाणत्या मुलाला विचारताना एवढे सांगावे: कोणत्या पायरीवर थांबतो, दिवा-पंखा-आवाज काय, पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे, शेवटचा नीट कधी चालला आणि त्यानंतर काय बदलले. ‘काल रात्री लाइट गेली तेव्हा अपडेट चालू होते’ या एका वाक्याने तासभराचे काम वाचते. मदतीसाठी गुगलवर कंपनीचा नंबर शोधू नये, ते नंबर पुष्कळदा ठकांनी पेरलेले असतात. पडद्यावर ‘संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’ असे आले तर ते ब्राउझरमधले सोंग आहे; विंडोजच्या खऱ्या पडद्यावर फोन नंबर कधीच नसतो. अनोळखी माणसाला दुरून संगणक हाताळण्याचे ॲप टाकू देऊ नये. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.

दुकानदारांचीही बाजू आहे, ती मला ठाऊक आहे. तपासणीचे पैसे द्यायला ग्राहक तयार नसतो, म्हणून दुकानदार फॉरमॅटचे पैसे घेतो. यावर सरळ मार्ग असा की तपासणीचे शुल्क आधीच फलकावर लिहावे आणि ग्राहकांनी ते खळखळ न करता द्यावे. त्याच्या बदल्यात पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक, रॅम किती आणि कोणत्या कंपनीची, डिस्क कोणती, सापडलेला दोष, डेटा जपायचा की नाही, हे लिहून मिळावे आणि काढलेला सुटा भाग परत मिळावा. डिस्क तर परत घ्यावीच. त्यात घरच्यांचे आधार, पॅन, फोटो असतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती दुसऱ्याला देणे हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एक विनंती शहरातल्या शासकीय तंत्रनिकेतनाला, आयटीआयला आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना. मे-जूनमध्ये, प्रवेश अर्जांच्या दिवसांत, आठवड्यातून एक दिवस एका खोलीत तपासणीचे टेबल मांडावे. शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी फक्त निदान करून चिठ्ठीवर लिहून द्यायचे, दुरुस्ती लोक आपापल्या दुकानात करून घेतील. त्यासाठी लागते ते इतकेच: एक मल्टिमीटर, एक चांगला एसएमपीएस, डीडीआर ३ आणि डीडीआर ४च्या एकेक पट्ट्या, दोन साटा वायरी, डझनभर सीआर २०३२ सेल, एक मॉनिटर, लिनक्सचे दोन पेनड्राइव्ह आणि पांढरे खोडरबर. आणि ज्या खोलीत हे टेबल लागेल, तिथले अर्थिंग आधी तपासून घ्यावे.

आपला,
एक संगणक तंत्रज्ञ, सोलापूर